बेदाणा कोणत्या वर्गात बसतो?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सांगलीत गणपती पेठेत माझा छापखाना आहे. गेली २६ वर्षं तो मी चालवते. लग्नपत्रिकांचं काम आता फारसं उरलेलं नाही. पोट चालतं ते खोक्यांवर आणि लेबलांवर. बेदाण्याचे खोके, हळदीची पाकिटं, भडंगाचे स्टिकर आणि सणाच्या आधी साताऱ्याहून येणारं पेढ्याच्या खोक्यांचं काम. गिऱ्हाईक नाव सांगतं, देवाचा नाहीतर आजीचा फोटो देतं आणि उठता उठता म्हणतं, “ताई, नावाच्या शेजारी तो गोलातला आर टाका.” ट्रेडमार्कची, म्हणजे धंद्याच्या नावाची सरकारदरबारी नोंदणी झालीय का, असं मी विचारते. “करायचीय की,” असं उत्तर बऱ्याचदा येतं. मग मी तो आर टाकत नाही. नोंदणी नसताना तो छापणं कायद्याला मान्य नाही, नुसतं ‘टीएम’ छापलं तर चालतं, हे सांगण्यात माझी दहा मिनिटं जातात. ते मला जड वाटत नाही. पण गेल्या दिवाळीच्या आधी जे डोळ्यांनी पाहिलं, त्यामुळे हे पत्र लिहायला बसले आहे.

तासगाव तालुक्यातली माझी एक जुनी गिऱ्हाईक आहे. घरची द्राक्षबाग, घरचा बेदाणा, जोडीला शेंगदाण्याची चटणी आणि मसाला. सुरुवातीला १५ किलोच्या खोक्यातून माल सौद्याला जायचा. नंतर सुनेनं पाव किलोची पाकिटं काढली, त्यावर घरच्या देवाचं नाव घातलं आणि हळूहळू पुण्याच्या दुकानांत माल जायला लागला. नाव मी इथे लिहीत नाही, कारण वाद अजून मिटलेला नाही. २०१८ साली त्यांनी एका एजंटामार्फत ट्रेडमार्क घेतला. प्रमाणपत्र लॅमिनेट करून ओसरीत भिंतीला लावलं. त्याच वर्षी पहिल्यांदा मी त्यांच्या खोक्यावर आनंदानं गोलातला आर छापला.

गेल्या दिवाळीसाठी त्यांनी बेदाण्याचे १२,००० खोके सांगितले. साडेपाच रुपयांचा एक खोका. छपाई झाली, लॅमिनेशन झालं, डाय कटिंग झालं, चिकटवायलाही घेतले. आणि त्यांच्या हातात वकिलाची नोटीस पडली. बाहेरच्या एका व्यापाऱ्यानं तेच नाव सुक्या मेव्यासाठी आपल्या नावावर नोंदवून घेतलं होतं. बेदाण्यावर ते नाव वापरलंत तर नुकसानभरपाई द्यावी लागेल, असं त्यात होतं. सूनबाई प्रमाणपत्र घेऊन माझ्याकडे आल्या. “ताई, आमच्याकडं सरकारचा कागद आहे, मग हे कसं?” मी कागद उजेडात धरून नीट वाचला. नाव नोंदवताना माल कोणत्या वर्गातला ते सांगावं लागतं, इथे होता वर्ग ३०. मालाचं वर्णन : मसाले, चटणी, मसालेदार खाद्यपदार्थ. बेदाणा हा शब्द अख्ख्या कागदावर कुठेच नव्हता. बेदाणा येतो वर्ग २९ मध्ये.

एजंटाला फोन लावला. त्याचं म्हणणं, अर्ज करताना मी २९ सांगितला होता, घरच्यांनीच नको म्हटलं. ते खरं निघालं. वर्ग २९ च्या मथळ्यात पहिलेच शब्द आहेत मांस, मासे, कोंबडी आणि शिकार. सुकवलेली फळं, लोणची, दूध, तूप, खाद्यतेल हे सगळं त्याच्या मागून येतं. सासूबाई पंढरीच्या वारकरी, गळ्यात तुळशीची माळ. एजंटानं फोनवर ती ओळ वाचून दाखवली, तेव्हा त्या म्हणाल्या, “आम्ही माळकरी माणसं. मांसाच्या पानावर आमच्या देवाचं नाव नको.” एजंटानं वाद घातला नाही. ३० मध्ये मसाले आहेत, तुमची चटणी आहेच, तिथे टाकतो म्हणाला. वर्गाचा आकडा म्हणजे सरकारी फडताळातला कप्पा, त्यानं कुणाचा बेदाणा बाटत नाही, हे त्या माउलीला समजेल अशा भाषेत सांगणारं त्या क्षणी कुणी नव्हतं. त्या चुकल्या असं मी म्हणणार नाही. इंग्रजीतली एक ओळ, फोनवर, घाईत वाचून दाखवलेली. त्यावरून दुसरं कुणी काय ठरवलं असतं?

मी वकील नाही. पण या प्रकरणानंतर हा विषय जमेल तसा समजून घेतला, आणि सांगली-सातारा या आपल्या दोन जिल्ह्यांतल्या माणसाला तो किती जवळचा आहे ते कळलं. मालाचे ३४ वर्ग आणि सेवांचे ११, असे एकूण ४५ वर्ग. हे वर्गीकरण १९५७ साली फ्रान्समधल्या नीस शहरात झालेल्या करारातून आलं. आपण ते आधीपासून वापरत होतो, २०१९ मध्ये भारत त्या करारात रीतसर सामील झाला. सेवांची नोंदणी आपल्याकडे १९९९ चा ट्रेडमार्क कायदा १५ सप्टेंबर २००३ ला लागू झाल्यावर सुरू झाली, त्याआधी फक्त मालाची होत होती.

आता आपल्या द्राक्षाचंच बघा. वेलीवरून काढलेला ताजा घड वर्ग ३१ मध्ये. तोच सुकवून बेदाणा केला की २९. रस काढून बाटलीत भरला की ३२. वाइन केली की ३३. व्हिनेगर केलं की ३०. बाग एक, शेतकरी एक, नाव एक, आणि वर्ग पाच. प्रत्येक वर्गाची फी वेगळी. ऑनलाइन अर्ज केला तर एकट्या माणसाला किंवा लघुउद्योगाला ४,५०० रुपये, बाकीच्यांना ९,०००. पाचही वर्ग घ्यायचे तर त्या शेतकऱ्याला २२,५०० रुपये नुसती सरकारी फी लागेल. पाचही घ्यायची गरज नसते हेही खरं. पण कोणता घ्यायचा आणि कोणता सोडायचा, हे कळल्यावरच सोडता येतं ना?

स्वयंपाकघरातही तीच गत. लोणचं २९, चटणी ३०. एकाच ओट्यावर, एकाच बाईच्या हातची. भडंग ३०, पण त्यातलेच खारे शेंगदाणे वेगळे पाकीट करून विकले तर २९. हळदीची पूड मसाला म्हणून ३०, तिचा चेहऱ्याचा लेप केला तर सौंदर्यप्रसाधन म्हणून ३, औषधी गोळी केली तर ५. मिरजेचा तंबोरा वाद्य म्हणून १५ मध्ये, तो दुरुस्त करून देण्याची सेवा ३७ मध्ये आणि वाजवायला शिकवायचा क्लास ४१ मध्ये. पेढा दुधाचा पदार्थ म्हणून २९ मध्ये घालायचा की मिठाई म्हणून ३० मध्ये, यावर माझ्याकडे येणारी गिऱ्हाइकं दोन्ही उत्तरं घेऊन येतात, आणि ती उत्तरं त्यांना पैसे घेऊन दिलेली असतात.

वर्गाचा आकडा बरोबर आला म्हणजे झालं, असंही नाही. त्याखाली मालाचं जे वर्णन लिहिलेलं असतं, त्याच्यावर सगळा खेळ आहे. कर्नाटकातल्या दूध महासंघाचं ‘नंदिनी’ नाव १९८५ पासूनचं, आणि बंगळुरूच्या एका हॉटेलवाल्याचं ‘नंधिनी’ १९८९ पासूनचं. तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. एका वर्गात नाव नोंदवलं म्हणून त्या वर्गातल्या सगळ्याच मालावर तुमचा एकट्याचा हक्क होत नाही, असं न्यायालयानं २०१८ मध्ये सांगितलं. तिथे वकिलांच्या फौजा होत्या. आमच्या बचत गटाच्या बायका एजंटानं संगणकावर जे तयार वर्णन निवडलं त्याच्यावर ओटीपी सांगून मोकळ्या होतात.

दुसरी एक चूक मी नेहमी ऐकते. “सांगलीच्या बेदाण्याला जीआय मिळालंय, हळदीलाही मिळालंय, मग वेगळा ट्रेडमार्क कशाला?” बेदाण्याला भौगोलिक मानांकन २०१६ मध्ये मिळालं, हळदीला २०१८ मध्ये. अभिमानाचीच गोष्ट आहे. पण ते मानांकन गावाचं, मातीचं. त्याची नोंद चेन्नईच्या कार्यालयात असते, आणि ते वापरायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून तिथे आपलं नाव लागावं लागतं. तुमच्या पाकिटावरचं तुमचं स्वतःचं नाव त्यानं राखलं जात नाही.

आता मूळ मुद्द्यावर येते. नोंदणीचं काम ऑनलाइन झालं, २०१७ च्या नियमांनी ढीगभर फॉर्मचे मोजके फॉर्म केले, नोंदणीला आलेली नावं छापणारं जर्नल दर आठवड्याला संगणकावर दिसतं. हे चांगलं झालं, मुंबईचे हेलपाटे वाचले. पण फॉर्म संगणकावर आला तरी त्यातला शब्द आपल्या माणसाला अनोळखीच राहिला. नियमाप्रमाणे कागदपत्रं हिंदीत किंवा इंग्रजीत. वर्गांची यादी बघायला गेलं तर ‘फळं, परिरक्षित’ अशा धाटणीचे शब्द. आमच्याकडे बेदाणा म्हणतात, काकवी म्हणतात, सांडगे म्हणतात, मेतकूट म्हणतात, हुरडा म्हणतात. हुरडा हे कच्चं धान्य की भाजलेला पदार्थ? ताजं कणीस म्हणून ३१ की तयार खाणं म्हणून ३०? अशा शंका सोडवायची सोय कायद्यातच आहे. कलम ८ प्रमाणे निबंधकाला माल आणि सेवांची वर्णानुक्रमे सूची प्रसिद्ध करता येते. एखादी वस्तू कोणत्या वर्गात मोडते असा प्रश्न उभा राहिला तर कलम ७ प्रमाणे त्याचा निर्णय अंतिम असतो. मग तीच सूची मराठीत, महाराष्ट्रातल्या वस्तूंच्या महाराष्ट्रातल्या नावांनिशी काढायला अडचण कुठे आहे? बेदाणा शोधला की समोर २९ दिसावा, आणि शेजारी एक ओळ असावी : हा वर्ग नुसत्या मांसाचा नाही, टिकवलेल्या व सुकवलेल्या अन्नाचाही आहे. एवढी एक ओळ २०१८ साली त्या सासूबाईंना वाचायला मिळाली असती, तर माझ्या माळ्यावर आज १२,००० खोके पडून राहिले नसते.

ट्रेडमार्क हा विषय केंद्राच्या सूचीतला. अमेरिकेत केंद्राच्या नोंदणीखेरीज प्रत्येक राज्याची स्वतःची नोंदणी असते, आपल्याकडे तसं नाही. राज्य सरकारला स्वतःचं नोंदणी कार्यालय काढता येणार नाही, हे मला मान्य आहे. पण मदत करायला राज्याला कुणी अडवलेलं नाही. सांगलीत जिल्हा उद्योग केंद्र आहे, साताऱ्यातही आहे. तिथे आठवड्यातून एक दिवस या कामाचा जाणकार माणूस बसवा. त्यानं अर्ज भरून द्यायचीही गरज नाही. मालाचं नाव ऐकायचं, वर्ग सांगायचा, वर्णनात कोणते शब्द हवेत ते मराठीत लिहून द्यायचं, बस्स. आज गाव सोडून माणूस एजंटाकडे जातो. सगळे एजंट वाईट असतात असं मी म्हणत नाही, काही फार जीव लावून काम करतात. पण त्यांचा मोबदला अर्ज दाखल होण्यावर असतो, बरोबर वर्गात दाखल होण्यावर नसतो.

बचत गटांचं आणखी एक दुखणं सांगते. एकट्या बाईच्या नावे अर्ज केला तर फी ४,५००. गटाच्या नावे केला आणि उद्यमचं, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणीचं, प्रमाणपत्र नसलं तर ९,०००. पैसे वाचवायचे म्हणून नाव अध्यक्षबाईंच्या नावावर लागतं. पुढे गटात बिनसलं, अध्यक्ष बदलली की नाव तिच्याबरोबर जातं. असे दोन गट माझ्याच टेबलासमोर भांडलेले मी पाहिले आहेत, आणि लेबल कुणाला छापून द्यायचं हे मला ठरवता आलं नाही. गटाला सगळ्या सभासदांनी मिळून वापरायचं सामूहिक चिन्ह घेता येतं, निदान आधी उद्यम नोंदणी करून मग गटाच्या नावे निम्म्या फीत अर्ज करता येतो, हे त्यांना सुरुवातीलाच कुणी सांगत नाही.

नाव शोधण्याचंही तसंच. अर्ज करण्याआधी ते नाव आधीच कुणाचं आहे का ते बघता येतं, ध्वनिसाम्यावरूनही शोधता येतं. पण एका वेळी एक वर्ग, आणि आपलं नाव रोमन अक्षरांत टाकून. आपल्या नावांची रोमन रूपं किती होतात! लक्ष्मी कुणी ‘एक्स’नं लिहितं, कुणी ‘के-एस-एच’नं. ज्ञानेश्वरीतला ज्ञ मराठी माणूस ‘डी-एन-वाय’ लिहितो, हिंदीवाला ‘जी-वाय’. माझा मुलगा गिऱ्हाइकांसाठी एकेक स्पेलिंग टाकून बघत बसतो, तरी धाकधूक राहतेच. देवनागरीत ‘ज्ञानेश्वरी’ टाकल्यावर सगळी रूपं एकदम समोर यायला हवीत. मोबाइलवर मराठीत बोललं तरी आज गाणं सापडतं, मग हे का होऊ नये?

आणि नोटिसा. तपासणी अहवाल आला की उत्तराला एक महिना. जर्नलमध्ये नाव छापून आलं की कुणालाही हरकत घ्यायला चार महिने. हे सगळं ई-मेलवर येतं, आणि तो ई-मेल बहुतेक वेळा एजंटाचा असतो. एजंटानं धंदा बदलला, नंबर बदलला की अर्जदाराला काहीच कळत नाही. २०१६ च्या मार्चमध्ये उत्तरं आली नाहीत म्हणून लाखावर अर्ज एका दमात सोडून दिलेले ठरवले गेले. दिल्ली उच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली, म्हणून ते वाचले. त्यातून धडा घेऊन अर्जदाराच्या स्वतःच्या मोबाइलवर मराठीत चार ओळींचा संदेश जायला हवा : तुमच्या अर्जावर आक्षेप आहे, अमुक तारखेपर्यंत उत्तर द्या. गॅस सिलिंडर निघाला तर संदेश येतो. हा तर माणसाच्या नावाचा प्रश्न आहे.

तासगावच्या त्या घराचं पुढे काय झालं, तेही सांगते. वकिलांनी सांगितलं की नोंदणी चुकीच्या वर्गात असली तरी आधीपासूनच्या वापराचा हक्क जात नाही. पण तो कागदानं सिद्ध करावा लागतो. बेदाण्याच्या पाकिटावर हे नाव समोरच्याच्या आधीपासून आहे, याचा पुरावा हवा. त्यांच्याकडे जुनी बिलं नव्हती, पुरात गेली. मग मी माळ्यावर चढले. सासऱ्यांच्या काळापासून आमच्या छापखान्यात एक रीत आहे. प्रत्येक कामाचा एक नमुना जॉबवहीत खळीनं चिकटवायचा, खाली तारीख, नग आणि रक्कम लिहायची. २०११ ची वही सापडली, तेव्हा तिला कसर लागलेली होती. खळीच्या वासानं कसर येते, त्याला इलाज नाही. पानं एकेक करून सोडवली. ११ ऑक्टोबरच्या पानावर ते लेबल होतं. पाव किलो बेदाणा, दोन रंगांत, नग ५००. देवाच्या मुकुटाचा कोपरा किड्यांनी खाल्ला होता, पण नाव शाबूत होतं आणि तारीख माझ्याच हातची होती. सूनबाईंनी त्या पानाला हात लावला आणि नमस्कार केला. त्या पानाची प्रत आणि माझं प्रतिज्ञापत्र वकिलांनी जोडलं आहे. वर्ग २९ साठी त्यांनी नवा अर्जही केला. सासूबाईंनी या वेळी स्वतः सही केली. निकाल लागेल तेव्हा लागेल. तोवर बेदाणा साध्या पांढऱ्या पाकिटातून जातो आहे आणि पुण्याची दोन दुकानं तुटली आहेत.

त्या दिवसापासून रात्री दुकान बंद केल्यावर मी जुन्या वह्यांतून मालाची नावं उतरवून काढते आहे. आपल्या भागात बनणाऱ्या, मी स्वतः लेबल छापलेल्या वस्तू. आतापर्यंत १४० झाल्या आहेत. प्रत्येकीपुढे मला समजला तो वर्ग पेन्सिलीनं लिहिला आहे. सांडगे, मेतकूट, हुरडा आणि आणखी अकरा नावांपुढची जागा मोकळी आहे, कारण ते ठरवणं माझं काम नाही. जिल्हा उद्योग केंद्रानं किंवा मुंबईच्या नोंदणी कार्यालयानं ही यादी मागितली, तर मी वही घेऊन स्वतः येईन. छापायची झाली तर कागदाचे तेवढे पैसे द्या, छपाई माझ्याकडून.

आपली,
एक मुद्रक,
गणपती पेठ, सांगली